पुसला जाणारा फळा आणि न पुसला जाणारा फळा

सभागृहाच्या दाराशी रोज एक काळा फळा उभा करून ठेवलेला असतो. त्यावर आजच्या व्याख्यानाचा विषय आपण येता येता वाचलाच असेल. ‘संगणकावरील फळ्याचा इतिहास’ ही अक्षरे लाकडी फळ्यावर, खडूने आणि तीही जराशी उतरती लिहिलेली पाहून आम्हांस प्रथम हसू आले. मग मनात आले की, हे ठीकच झाले. कारण आज जी कथा आम्ही सांगणार आहोत, तिच्यात जुना फळा मेला आणि नवा गादीवर बसला, असे कोठेच घडलेले नाही. दोघे शेजारी शेजारी नांदत आले आहेत, आणि नव्याला जे प्रश्न पडले ते बहुतेक जुन्याचेच आहेत. त्यांतले दोन आम्हांस फार महत्त्वाचे वाटतात. खडू कोणाच्या हाती असावा, हा पहिला. आणि लिहिलेले पुसावे की राखावे, हा दुसरा.

फळा शब्द आपल्याला शाळेचा वाटतो. पण त्याच्या आधी पाटी होती, आणि पाटीच्याही आधी धूळ होती. ‘धुळाक्षरे’ हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी सहज असे. पाटावर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची, बोटाने अगर काडीने अक्षर काढायचे, हात फिरवला की पाटी पुन्हा कोरी. संस्कृतात अंकगणिताला ‘पाटीगणित’ म्हणत आणि ‘धूलिकर्म’ही म्हणत. म्हणजे शास्त्राला नाव मिळाले ते लिहिण्याच्या साधनावरून. हे गणित दशमान अंकांसह पश्चिमेस अरबी प्रदेशात गेले तेव्हा धुळीची पाटीही त्याबरोबर गेली. तेथे तिला ‘तख्त’ म्हणत.

आणि तेथेच, दमास्कसमध्ये, इ. स. ९५२-५३ च्या सुमारास अल्-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञाने हिंदी गणितावर ग्रंथ लिहिताना या पाटीविरुद्ध तक्रार मांडली. पाटीवर गणित करताना मधले आकडे पुसत पुसत पुढे जावे लागते; शेवटी उत्तर उरते, पण वाट दिसत नाही. चूक झाली तर ती कोठे झाली हे कसे कळणार? शिवाय रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोक हीच पाटी वापरतात, तेव्हा सभ्य कारकुनाच्या हाती ती शोभत नाही, असाही त्याचा एक आक्षेप होता! म्हणून त्याने तेच गणित शाई-कागदावर, काहीही न पुसता, करण्याच्या रीती दिल्या. हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

धुळीच्या पाटीने आणखी एक प्रवास केला, आणि तो आपल्याच देशातून. मद्रासला लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचे देखरेखीचे काम अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहत होता. एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत आहेत आणि मोठी मुले लहानांना शिकवीत आहेत, हे त्याने पाहिले. त्याने ती रीत आपल्या शाळेत उचलली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यानंतर जोसेफ लँकेस्टर आदींच्या शाळांतून इंग्लंडच्या गरीब मुलांनी वाळूच्या तबकात आणि दगडी पाटीवर अक्षरे गिरविली. पुढे इंग्रजी शाळा इकडे आल्या तेव्हा आपण समजलो की, साहेबाने काही नवीन आणले. असो.

पाटी प्रत्येकाच्या मांडीवरची. फळा सर्वांचा. हा फरक वरवर लहान दिसतो. पण त्याने वर्गाची सारी बैठक बदलली. भिंतीवर मोठा काळा फळा टांगण्याचा मान पुष्कळदा एडिंबरोच्या जेम्स पिलन्स यांना दिला जातो. ते १८१० पासून तेथील हायस्कूलचे प्रमुख होते, आणि रंगीत खडूंनी नद्या-डोंगर काढून भूगोल शिकवीत. काळा फळा त्यांनीच शोधून काढला असे मात्र नव्हे. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत जॉर्ज बॅरन १८०१ सालीच फळा वापरीत होते. त्याच शाळेत १८१६ साली क्लॉड क्रोझे हे फ्रेंच गृहस्थ आले. त्यांना वर्णनात्मक भूमिती शिकवावयाची होती. म्हणजे घन वस्तू कागदाच्या पातळीवर कशी उतरवावी याचे शास्त्र. विद्यार्थ्यांजवळ इंग्रजीत पुस्तक नाही आणि गुरूला इंग्रजी बेताचे. अशा वेळी फळा हेच पुस्तक आणि फळा हीच भाषा झाली.

आणि मग बंड झाले. ते शंभर टक्के खरे बंड होते. येल विद्यापीठात विद्यार्थी शांकव गणित म्हणून दाखवीत तेव्हा पुस्तकातली आकृती त्यांच्यासमोर उघडी असे. अध्यापकांनी नियम बदलला: पुस्तक मिटा, फळ्यापाशी या, आकृती स्वतः काढा आणि सिद्ध करून दाखवा. १८३० साली दुसऱ्या वर्षाच्या वर्गाने याला साफ नकार दिला. वर्गात ९६ विद्यार्थी होते. त्यांपैकी ४३ जणांना विद्यापीठाने काढून टाकले, आणि इतर विद्यालयांनीही त्यांना घेऊ नये असे कळविले. काढलेल्यांत अमेरिकेच्या तत्कालीन उपाध्यक्षांचा मुलगाही होता.

या मुलांना आज आम्ही हसणार नाही. फळ्यापाशी एकट्याने उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्यांपैकी कोणाला ठाऊक नाही? पाठीमागे चाळीस डोळ्यांच्या जोड्या, हातात खडूचा तुकडा, आणि डोक्यातला लंबवर्तुळाचा आस नेमका त्याच क्षणी नाहीसा झालेला. पुस्तकातली आकृती जाणत्याने काढलेली, पुरी झालेली असते. फळ्यावरची आकृती आपल्या हातून, आपल्या चुकांसह, सर्वांसमक्ष घडत असते. येलच्या अध्यापकांना हेच हवे होते आणि विद्यार्थ्यांना हेच नको होते. शिक्षा मात्र फार कडक झाली, असे आमचे मत आहे. चुकण्याची भीती दंडाने जात नाही.

आता दूर बसून शिकविण्याकडे वळू. ‘ऑनलाइन’ शिक्षण ही कालपरवाची गोष्ट असली, तरी दुरून आकृती काढून शिकविण्याचा एक सुंदर दाखला अठराव्या शतकातला आहे. थोर गणिती लेओनार्ड ऑयलर यांनी १७६० ते १७६२ या काळात एका जर्मन राजकन्येला दोनशेहून अधिक पत्रे लिहून पदार्थविज्ञान आणि तत्त्वज्ञान शिकविले. तर्कशास्त्राकडे आल्यावर त्यांनी वर्तुळे काढली. ‘सर्व अमुक हे तमुक आहेत’ असे म्हणावयाचे असेल तर एका वर्तुळाच्या पोटात दुसरे. ‘एकही नाही’ म्हणावयाचे असेल तर दोन वेगळी. ‘काही आहेत’ म्हणावयाचे तर एकमेकांत शिरलेली. जे शब्दांत समजावयास पान लागते ते तीन वर्तुळांत दिसते. ही पत्रे १७६८ पासून छापली गेली, आणि पुढे १८८० साली जॉन व्हेन यांनी या कल्पनेला जे रूप दिले ते आज आपली नातवंडे शाळेत काढतात. ऑयलर यांच्या पद्धतीत उणीव एकच होती. राजकन्येला शंका आली तर तिचे वर्तुळ गुरूपर्यंत पोचावयास टपालाची गाडी लागे.

हस्ताक्षर तारेतून पाठविण्याची खटपट एलिशा ग्रे यांनी केली; १८८८ मध्ये त्यांनी पेटंट घेतले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडले. एका टोकाला लेखणी हलली की दुसऱ्या टोकाची लेखणी तशीच हले. शाळेत ते फारसे गेले नाही, म्हणून आम्हीही तेथे थांबत नाही.

खरी उडी १९६३ सालची. मॅसॅच्युसेट्समधील लिंकन प्रयोगशाळेत टीएक्स-२ नावाचा संगणक होता. त्यापुढे बसून इव्हान सदरलँड या तरुण विद्यार्थ्याने आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाचा कार्यक्रम लिहिला. प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ ओढावयाची. येथपर्यंत ती पाटीच. पण सदरलँड यांनी पाटीला एक गोष्ट शिकविली, जी धुळीला किंवा खडूला कधीच आली नव्हती: दिलेला शब्द पाळणे. चार वाकड्यातिकड्या रेघा काढा आणि यंत्राला सांगा की, या दोन समांतर, या दोन लंब. यंत्र आकृती ओढून सरळ करी. पुढे एक कोपरा हलविला तरी समांतर रेघा समांतरच राहत. म्हणजे पडद्यावर नुसते चित्र नव्हते, चित्रामागचे संबंधही साठविलेले होते.

आज एखादा शिक्षक पडद्यावर दोन चौकटी काढून त्या बाणाने जोडतो, आणि एक चौकट सरकवली की बाण आपोआप तिच्यामागे जातो. तो बाण स्केचपॅडचा वंशज आहे. कागदावर अशी दुरुस्ती करावयाची तर सगळी आकृती नव्याने काढावी लागे. पाचर मारून बसविलेला खांब आणि दोरीने बांधलेली होडी यांत जो फरक आहे तोच येथे समजावा.

त्याच सुमारास इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर आणि त्यांचे सहकारी ‘प्लेटो’ ही शिकविणारी यंत्रणा उभारीत होते. १९६० साली एका विद्यार्थ्यापासून सुरुवात झाली. पडद्यावर आकृती धरून ठेवणे त्या वेळी फार महाग पडे, कारण पडदा पुनःपुन्हा रंगवावा लागे आणि त्यासाठी वेगळी स्मृती लागे. १९६४ मध्ये बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी प्लाझ्मा वायूचा सपाट पडदा काढला. त्याचा गुण असा की, एकदा पेटविलेला ठिपका स्वतःच पेटता राही. १९७२ मध्ये आलेल्या प्लेटोच्या चौथ्या आवृत्तीत हाच नारिंगी पडदा होता, आडवे-उभे ५१२ ठिपक्यांचा, आणि बोट टेकवले की त्याला कळत असे. टेलिफोनच्या तारेवरून दूरदूरच्या शाळांना तो जोडलेला असे. मोठ्या दिवाणखान्यांतून भिंतीवर टांगलेला प्लाझ्मा टीव्ही आपण पुढे पाहिला; त्याचा जन्म करमणुकीसाठी नव्हे, मुलांना पाठ शिकविण्यासाठी झाला, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी हजारभर तज्ज्ञांपुढे, सुमारे ३० मैलांवरील मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्यासह, एकाच पडद्यावर काम करून दाखविले. दोन माणसे, दोन गावे, एक पान. पुढे १९८७ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधकांनी बैठकीसाठी संगणकाची एक खोली उभारून तिच्यावर निबंध लिहिला. त्यांचे मूळ तत्त्व साधे होते: तुम्हांस जे दिसते तेच मला दिसावे. शाळेच्या फळ्याचा तो पहिला गुण नव्हे काय? पण प्रयोग करता करता त्यांना आढळले की, हे तत्त्व काटेकोर पाळले तर कामच अडते. दुसऱ्याचा दर्शक सारखा पडद्यावर नाचतो, एक जण खिडकी सरकवतो आणि सर्वांचे लक्ष उडते. म्हणून नियम सैल करावा लागला. एकत्र पाहावयाचे काही, आणि आपापले पाहावयाचे काही. पाटी आणि फळा यांचा जुना संसारच पुन्हा मांडावा लागला, असे आम्हांस वाटते.

फळ्याचीच पाठ धरणारा एक वेगळा पंथ निघाला. कॅनडातील कॅलगरीच्या कंपनीने १९९१ मध्ये ‘स्मार्ट बोर्ड’ काढला. पांढरा फळा, त्यावर संगणकाचे चित्र, आणि बोटाने त्याला आज्ञा. इंग्लंडच्या सरकारने पुढे शाळाशाळांतून असे फळे बसविले. लंडनच्या माध्यमिक शाळांत त्याचा काय परिणाम झाला याची पाहणी इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने केली, आणि २००७ साली अहवाल आला. पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर परिणाम झाल्याचा पुरावा मिळाला नाही. आम्हांला याचे नवल वाटत नाही. फळा महाग झाला, पण त्यापुढे उभा राहणारा माणूस बदलला नाही. खडू पूर्वीप्रमाणे गुरुजींच्याच हाती राहिला, आणि कित्येकदा तर खडूच राहिला नाही. आधीच रंगवून आणलेली चित्रे एकामागून एक सरकत गेली. येलच्या विद्यार्थ्यांना हवे होते ते एवढ्या वर्षांनी आयते मिळाले!

याच्या अगदी उलट उदाहरण घ्या. २००४ साली बॉस्टनमध्ये नोकरी करणारे सलमान खान हे गृहस्थ न्यू ऑर्लिन्समधील नात्यातल्या एका मुलीला फोनवर गणित शिकवू लागले. जोडीला ‘याहू डूडल’ नावाची साधी पाटी, जिच्यावर दोघांनाही लिहिता येई. २००६ पासून त्यांनी पाठ चित्रित करून यूट्यूबवर ठेवले. त्यांत शिक्षकाचा चेहरा दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत रेघा उमटत जातात आणि आवाज ऐकू येतो. पिलन्स यांचा रंगीत खडूच तो. उमटत जाणारी आकृती आणि छापलेली आकृती यांत काय अंतर आहे, हे ज्यांनी असा एक पाठ पाहिला त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. मात्र एक गोष्ट हरवली. आरंभी त्या मुलीच्याही हाती लेखणी होती. चित्रित पाठ पाहणाऱ्या लाखोंच्या हाती ती नाही.

ती सर्वांच्या हाती देण्याची सोय ऑनलाइन वर्गाच्या मंचांनी केली. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामस यांनी २००२ मध्ये ‘मूडल’ खुले केले. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात २००७ मध्ये ‘बिगब्लूबटन’चे काम सुरू झाले. दोन्ही कोणालाही विनामूल्य वापरता येण्याजोगी, आणि एकमेकांस जोडता येण्याजोगी. अशा वर्गात एक फळा असतो. शिक्षक कळ दाबून तो एकट्यापुरता ठेवू शकतो किंवा सर्वांना त्यावर लिहू देऊ शकतो. आपण रेघ ओढली म्हणजे तिचा फोटो जात नाही. रेघ कोठून कोठे गेली, रंग कोणता, जाडी किती, एवढे आकडे जातात आणि समोरच्याचे यंत्र त्यांवरून रेघ नव्याने काढते. म्हणून खेड्यातल्या अशक्त जोडणीवर शिक्षकाचे तोंड गोठते, पण आकृती बहुधा पोचते.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. युनेस्कोच्या गणनेप्रमाणे त्या एप्रिलात जगातील १५० कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले होते. त्या दिवसांत आम्ही नातवाच्या मागे बसून एक वर्ग पाहिला. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. निवृत्तीला आलेले गणिताचे सर माउसने त्रिकोण काढू पाहत होते आणि तिसरी बाजू काही केल्या पहिलीला मिळेना. पस्तीस वर्षे ज्यांनी हातानेच परकाराविना वर्तुळ काढून दाखविले, त्या माणसाची ती अवस्था पाहवेना. तेवढ्यात वर्गातल्या एका मुलीने, जी म्हणे एरवी तोंड उघडत नसे, तो त्रिकोण पुरा केला आणि शिरोबिंदूंना नावेही दिली. सर क्षणभर थांबले. मग म्हणाले, “आता लंबही तूच टाक, बाळ.” तिने टाकला, चुकीचा टाकला, दुसऱ्याने सुधारला. कोणी कोणाकडे पाहत नव्हते, म्हणून चुकणे सोपे झाले होते. पुढच्या आठवड्यात मात्र कोणीतरी फळ्यावर सरांचे व्यंगचित्र काढले आणि ती कळ कायमची बंद झाली. त्या वर्गात खडू पुन्हा एकाच हातात गेला.

आकृती ही केवळ भूमितीची नसते, याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. कॉर्नेल विद्यापीठातील जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी १९७२ च्या सुमारास मुलांच्या मुलाखती घेऊन त्यांना विज्ञान कितपत उमगले हे तपासत होते. मुलाखतींचा ढीग वाचून काही हाती लागेना, तेव्हा त्यांनी मुलांच्या कल्पना चौकटींत लिहून रेघांनी जोडल्या आणि प्रत्येक रेघेवर संबंधाचा शब्द लिहिला. नुसता बाण पुरेसा नाही. बाणावर शब्द पाहिजे, यातच सारी मेख आहे. ‘पाऊस’ आणि ‘ढग’ जोडणे कोणालाही जमते. जोडणाऱ्या रेघेवर काय लिहाल, येथे मुलाला खरोखर काय कळले ते उघडे पडते. या नकाशांसाठी पुढे फ्लोरिडातील एका संस्थेने विनामूल्य साधनही तयार केले.

आणि हे सर्व बोलत असताना एक विसरता येत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये आपल्या सरकारने ‘खडू-फळा मोहीम’ काढली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि त्यांत शक्यतो एक स्त्री, शिवाय फळे, नकाशे आणि खेळणी मिळावीत, एवढीच तिची मागणी होती. म्हणजे नारिंगी पडद्यावर बोट टेकवून इलिनॉयमधील मूल पाठ शिकू लागल्यावर पंधरा वर्षांनीही आपल्याकडे लाकडी फळा हा मोहिमेचा विषय होता.

आता अल्-उक्लिदिसीकडे परत येऊ. त्याला न पुसता लिहावयाचे होते, आणि नव्या फळ्याने ती इच्छा पुरी केली असे दिसत होते. हा फळा संपत नाही, त्यावरील प्रत्येक रेघेची आठवण राहते, मागे मागे जाऊन चूक कोठे झाली ते पाहता येते. गूगल कंपनीने २०१६ मध्ये ‘जॅमबोर्ड’ जाहीर केला. महागड्या फळ्याबरोबर त्याचे विनामूल्य रूपही संगणकावर मिळे, आणि टाळेबंदीच्या काळात असंख्य शिक्षकांनी आपले पाठ त्यावर मांडले. २०२३ मध्ये कंपनीने कळविले की, हे आता बंद होणार. ३१ डिसेंबर २०२४ नंतर तो फळा उघडेनासा झाला. ज्यांना आपले काम राखावयाचे होते त्यांनी त्याची पाने उतरवून घेतली किंवा दुसऱ्या कंपनीच्या फळ्यावर नेली. उतरवून घेतलेल्या पानांत शेवटचे चित्र राहिले. ते घडले कसे, कोणी आधी लिहिले, कोणी सुधारले, हे राहिले नाही. उत्तर उरले, वाट गेली. डस्टर आता वर्गात नव्हताच. तो दूर कोठेतरी एका कचेरीत होता.

खडूचे नशीबही पाहा. १६ मे १९३१ रोजी ऑक्सफर्डमध्ये आइन्स्टाइन यांनी व्याख्यान देताना लिहिलेला फळा तेथील विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयात काचेमागे जपलेला आहे. त्याच्या जोडीला दुसराही एक फळा होता. तो संग्रहालयाच्याच कोठीत कोणी तरी चुकून स्वच्छ पुसून टाकला.

आणि २०१५ च्या जूनमध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरातल्या एमर्सन हायस्कुलात नवे फळे बसविण्यासाठी कामगारांनी जुने उतरविले, तो त्यांच्यामागे आणखी जुने फळे निघाले. त्यांवर १९१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरातील पाठ होते: रंगीत खडूंची चित्रे, शुद्धलेखन, स्वच्छतेचे नियम, आणि गुणाकाराचे एक चक्र, जे कसे फिरवावयाचे हे आजच्या शिक्षकांना ठाऊक नव्हते. अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वी कोणीतरी ते पुसावयाचे राहून गेले होते. शाळेने त्यांवर संरक्षक काच बसविण्याची व्यवस्था केली.